ओट्सचे गोळे आणि वरची कवळी

कवळीताईला खऱ्या नावानं हाक मारणारी एकच व्यक्ती उरली होती, तिची आत्या. तीही फक्त रागावली की. बाकी सगळ्यांची ती कवळीताई. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथं बसून ती सव्वीस वर्षं कवळ्या करत होती.

पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे. ते माप ओल्या फडक्यात गुंडाळून मागे यायचं. ती त्यात प्लॅस्टर ओतायची. त्याचा साचा व्हायचा. साच्यावर मेण, मेणात दात. मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी लगदा दाबायचा, उकळायचा, घासायचा, चकचकीत करायचा. माणूस तिच्यापर्यंत येतच नसे, टाळू तेवढी यायची. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की ती आधी दात बघायची आणि मनात म्हणायची, हां, हे अरुंद जबड्याचे.

लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर उत्तर आत्या द्यायची. "मागणी घालणारे आले होते हो. पण ही मुलाचे दात बघायची आणि आत येऊन सांगायची, खालचा तिसरा पाच वर्षांत जाणार."

आत्या ऐंशीची. दोघी दोन खोल्यांत राहायच्या. आत्याची कवळी ताईनंच केलेली. आत्या ती दागिन्यासारखी मिरवायची. शिंक आली तरी तोंडावर हात धरायची नाही. "हलतच नाही तर धरायचं कशाला?"

रोज सकाळी आत्या विरंगुळा केंद्रात जायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, चार टेबलं, एक फ्रीज, खिडकीत दोन कुंड्या. वीस-पंचवीस म्हातारी माणसं यायची. पत्ते खेळायची, भांडायची, घरी जायची. केंद्र चालवणाऱ्या बाई शांत होत्या, आणि सगळ्यांना पुरून उरायच्या.

वर्षअखेरची सुट्टी जवळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "या वेळी खाऊ बाहेरून आणायचा नाही. इथंच करायचा. पण गॅस नाही, शेगडी नाही. इमारतीचा नियम आहे." त्यांनी फोनवर एक कृती शोधून ठेवली होती. ओट्स, पीनट बटर, मध, जवस, खजूर, चॉकलेट. काही भाजायचं नाही, काही शिजवायचं नाही. कालवायचं, गार करायचं, गोळे वळायचे.

"माझी भाची येऊन करून घेईल," आत्या म्हणाली. "नाहीतरी ती दिवसभर गोळेच मळत असते."

घरी येऊन आत्यानं हे सांगितलं तेव्हा ताई हसली. मग आत्या सहज म्हणाली, "तेवढीच गंमत. नाहीतर हल्ली शुकशुकाट असतो. आमचा भोंगा बंद पडलाय."

"कोण भोंगा?"

"अगं, ते बसस्टँडवर घोषणा करायचे ना, ते. तीस वर्षं लोकांना गाड्यांना लावलं. केंद्रात रोज पेपर मोठ्यानं वाचायचे. आम्ही दमायचो, ते दमायचे नाहीत. नवी कवळी बसली आणि गप्प झाले. कोपऱ्यात बसतात. पेज आणतात डब्यात."

ताईच्या हातातला चमचा खाली आला.

"तुझ्याकडचीच असणार," आत्या म्हणाली. "इथं दुसरं कोण करतं? पण तुझी चूक नसणार. एकेकाचं तोंडच तसं असतं."

 बसस्टँडवाल्यांची ती कवळी ताईला पाठ होती.

चौदा महिने झाले होते. डॉक्टर गावाला निघाले होते, अकरा कवळ्या एका आठवड्यात द्यायच्या होत्या. त्या घाईत मापातून साचा सोडवताना मागची कड मोडली. नखाएवढा तुकडा. वरची कवळी दातांच्या जोरावर नाही राहत, हवेच्या जोरावर राहते. मागची कड टाळूला बिलगली पाहिजे. तिथून हवा शिरली की कवळी सुटली. साच्याची कड मोडली तर नियम एकच, पेशंटला परत बोलवायचं आणि नवं माप घ्यायचं.

पण सव्वीस वर्षांत तिनं स्वतःच्या चुकीपायी दुसरं माप मागितलं नव्हतं. डॉक्टर पेशंटांना हे अभिमानानं सांगायचे. तिनं तो तुकडा चिकटवला. बोट फिरवलं. केसाएवढी पायरी लागली. ती पुढच्या कामाला लागली.

कवळी तीनदा परत आली. 'सैल आहे' एवढंच चिठ्ठीवर. तिन्ही वेळा ताईनं भलतीकडेच थोडं घासलं, चकचकीत करून पुढे पाठवली. डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं, हिरड्या झिजल्यात, सवय होईल. चौथ्यांदा कवळी आली नाही. ताईला हायसं वाटलं होतं. आता तिला त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

सरळ उठून जायला हवं होतं. ती गेली नाही. ती ओट्स आणायला गेली.

चार दिवस ती त्या कृतीमागे लागली. कृतीत ओट्स अख्खे होते. तिनं मिक्सरमधून त्यांचं पीठ केलं. जवस काढून टाकलं. अख्खा दाणा कवळीखाली गेला की बुटात खडा गेल्यासारखं होतं. खजुराचा गर केला. चॉकलेट किसलं. तरी गोळा घट्ट वाटला, म्हणून पीनट बटर वाढवलं. मग मध वाढवला. ज्याची कवळी सैल आहे त्यालाही चावावं लागू नये, जिभेनं दाबलं की विरघळावं. तिच्या डोळ्यांसमोर एकच टाळू होती.

मिश्रण हाताळताना तिला कवळीचा लगदाच आठवत होता. आधी वाळूसारखं भरभरीत. मग तारा सुटतात, तेव्हा हात लावायचा नाही. मग बोटाला चिकटेनासं होतं. तीच वेळ. तिनं फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून बोट लावून पाहिलं. अजून थोडं चिकटत होतं. पण मऊ होतं. तिला मऊच हवं होतं.

रोज एकेक घास आत्यावर आजमावला.

"छान आहे," आत्या म्हणाली. "पण चावायला काही ठेवलंच नाहीस."

"कवळी हलली का?"

"माझी? उद्या मी सुतारकाम करीन या दातांनी."

ताईला बरं वाटलं. निर्दोष कवळीवर घेतलेली ती चाचणी होती, हे तिच्या लक्षातच आलं नाही. सव्वीस वर्षांची कारागीर, आणि हे लक्षात आलं नाही. पुढे हे सांगताना ती नेहमी इथं थांबायची.

कार्यक्रमाच्या दिवशी केंद्रात बावीस जण होते. बाईंनी टेबलांवर प्लास्टिक अंथरलं होतं. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत ते आधीच विचारून घेतलं होतं. सगळ्यांना चालत होते. सगळ्यांनी हात धुतले. काहींनी दोनदा, कारण पहिल्यांदा धुतल्याचं विसरले. ताईनं मोठ्या पातेल्यात पीठ, बटर, मध ओतलं आणि ढवळायला दोघा आजोबांना दिलं. दोघांचं लगेच वाजलं.

"उजवीकडून ढवळा."

"मी डावखुरा आहे."

"म्हणून काय पातेलं डावखुरं होतं?"

एका आजींनी पहिला गोळा वळला. तो लिंबाएवढा झाला. शेजारणीनं सुपारीएवढा केला. "कंजूष," पहिल्या म्हणाल्या. "हावरट," दुसऱ्या म्हणाल्या. आत्या टेबलाच्या टोकाला उभी राहून सगळ्यांना सूचना देत होती आणि स्वतः एकही वळत नव्हती. "दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नव्हते," ती म्हणाली. "आता बघा, दोन्ही आहेत. दात माझ्या भाचीचे, चणेही तिचेच."

सगळे हसले. ताईही हसली, आणि तिनं कोपऱ्याकडं पाहिलं.

ते तिथं बसले होते. उंच, ताठ माणूस. इस्त्रीचा शर्ट. पातळ ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी आठ गोळे वळले होते आणि सगळे एका मापाचे होते. बसस्टँडवरचा माणूस, वेळेत आणि रांगेत. ताई त्यांच्यापाशी गेली. 

"सुरेख वळलेत," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

अर्ध्या तासानं फ्रीजमधून ताटं निघाली. बाई म्हणाल्या, सगळ्यांनी एकदम खायचं. भोंगाकाकांनी गोळा उचलला नाही. तेव्हा आत्या ओरडली, "अहो घ्या की! तुमच्यासारख्यांसाठीच मऊ केलेत. जीभ लावली की विरघळतात."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी गोळा उचलला. तोंडात टाकला. डोळे मिटले. गोळा चांगला लागला असावा, कारण त्यांच्या गालावर थोडं हसू आलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी पेजेशिवाय काही खाल्लं होतं. मग त्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं. "वा," असं म्हणायचं असावं.

वरची कवळी सुटली. गोळ्याला चिकटून बाहेर आली आणि टेबलावर, त्यांनीच वळलेल्या सात गोळ्यांच्या मधोमध पडली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. दुसऱ्या हातानं कवळी उचलायला गेले, पण ती चिकट झाली होती. हातातून निसटली. पुन्हा निसटली.

ताईनं उचलली. ओल्या कागदानं पुसली. बोट आपोआप मागच्या कडेवर गेलं. पायरी तिथंच होती.

"पीनट बटर ते, धरून बसतं," आत्या म्हणाली. सांभाळून घ्यायलाच म्हणाली. "पण माझी बघा, जागची हलली नाही."

आता बोलायचं, ताईनं मनाशी म्हटलं. तोंड उघडलं. आणि तिच्या तोंडून निघालं, "चूक माझी. मिश्रण फार चिकट झालं."

"अहो, असं काय म्हणता," बाई म्हणाल्या. "एवढे कष्ट घेतलेत तुम्ही."

"किती मोठं मन," एक आजी म्हणाल्या. "काही नसताना स्वतःवर घेतलं."

आणि मग रुमालाआडून, बोबड्या आवाजात, ते म्हणाले, "नाही हो. तुमचे गोळे चांगले आहेत. माझं तोंडच बिघडलंय."

ताईला कुणी थोबाडीत मारली असती तर ती ताठ उभी राहिली असती. तिनं कवळी त्यांच्या हातावर ठेवली आणि पातेलं धुवायला गेली. ते धुतलेलंच होतं. तिनं पुन्हा धुतलं.

घरी जाताना आत्या सगळ्या रस्ताभर बोलत होती. "बिचारा. पण तू कशाला अंगाला लावून घेतेस? गोळे आम्ही बावीस जणांनी खाल्ले. काय झालं कुणाला?"

"काही नाही," ताई म्हणाली.

"मग? तोंडच तसं त्याचं."

"आत्या, गप्प बस."

आत्या थांबली. भाची तिच्याशी असं कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ताई मागच्या खोलीत गेली. साचे वर्षभर ठेवायचे आणि मग टाकून द्यायचे, अशी पद्धत होती. हा तिनं टाकला नव्हता. फळीवर, मागच्या रांगेत, भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. तो घेऊन ती डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी साचा उजेडात धरला. चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मी त्यांना तीनदा म्हटलं, सवय होईल."

"हो."

"तुझ्या भरवशावर म्हटलं."

"हो."

डॉक्टर खुर्चीत बसले. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ. त्यांना बोलावू. सांगू, हिरड्या बदलल्यात, नवं माप घ्यावं लागेल. तू झकास करून दे. आजोबा खूश, विषय संपला. कशाला उगाच खपली काढायची?"

ताईला ते पटलं. खरं तर हायसंच वाटलं. म्हाताऱ्याला कवळी मिळणार होती. आणखी काय हवं? तिनं मान हलवली आणि मागे गेली. दुपारपर्यंत तिनं दोन कामं केली. दोन्ही चांगली झाली. मग तिच्या मनात आलं, या नव्या कवळीनं ते पुन्हा बोलायला लागतील, आणि मरेपर्यंत लोकांना सांगत राहतील की मधले चौदा महिने माझं तोंड बिघडलं होतं.

भोंगाकाका बुधवारी आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ताई पेशंट बसलेला असताना पुढच्या खोलीत गेली. डॉक्टर हातमोजे चढवत होते. त्यांनी तिच्याकडं बघून डोळ्यांनीच नको म्हटलं. तिनं साचा काकांच्या हातात दिला.

"हा तुमचा," ती म्हणाली. "ही मागची कड माझ्याकडून मोडली. मी चिकटवली. सांगितलं नाही. कवळी तेव्हापासूनच चुकीची आहे. तुमच्या तोंडात काही दोष नाही. कधीच नव्हता."

काकांनी साचा फिरवला. आपल्याच टाळूकडं माणूस जसं बघेल तसं बघितलं, अनोळखी वस्तूसारखं.

"परत पाठवली होती मी," ते म्हणाले.

"तीनदा."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"तिन्ही वेळा."

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"नात परगावी असते," काका म्हणाले. त्यांचे शब्द कवळीत अडखळत होते. "सहा वर्षांची. रोज संध्याकाळी फोन करायची. आजोबा, गोष्ट वाच. घोषणा करतात तशी वाच. मी सांगायला लागलो, चष्मा सापडत नाही. रोज तेच. एक दिवस तिनं आईला सांगून नवा चष्मा पाठवला."

ताई तशीच उभी राहिली.

"मग मी म्हटलं, हा नंबर चुकीचा आहे." ते थांबले. "आता ती फोन करत नाही. सहा वर्षांची पोर, किती दिवस करणार?"

"माझ्यामुळे झालं," ताई म्हणाली.

"हो," ते म्हणाले. चिडून म्हणाले नाहीत. "परवा तिकडं सगळ्यांसमोर तुम्ही वेगळंच सांगितलंत. लोक म्हणाले, किती मोठं मन. मीही घरी सुनेला तेच सांगितलं."

ताईची मान खाली गेली ती वर येईना.

"मला एकट्याला इथं बंद खोलीत सांगून काय उपयोग? पडली बावीस जणांसमोर. तिथं येऊन सांगा." मग ते डॉक्टरांकडं वळले आणि तोंड उघडलं. "घ्या माप. आणि या वेळी ते फुटलं तर मला सांगा."

सुट्टीनंतर केंद्र उघडलं त्या पहिल्या सकाळी ताई गेली. आत्याला तिनं आधी काही सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, पण हिंमत एकदाच पुरेल एवढीच होती. आत्या पहिल्या टेबलाशी बसून शेजारणीला म्हणत होती, "आली बघा, आज काय खायला घालतेय कोण जाणे."

भोंगाकाका कोपऱ्यात होते. नवी कवळी अजून तयार व्हायची होती. त्यांनी वर पाहिलं, एवढंच.

ताईनं उभ्यानं सांगितलं. दोन मिनिटं लागली. साचा, कड, तीन वेळा. गोळ्यांचा दोष नव्हता. काकांच्या तोंडाचा तर नव्हताच. मी त्या दिवशी इथं उभी राहून खोटं बोलले, आणि तुम्ही मला चांगलं म्हणालात. शेवटी आवाज गेला. पण सगळं बोलून झालं होतं.

 आत्यानं मान खिडकीकडं वळवली. तिचा कान लाल झाला होता. बाईंनी "ठीक आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग त्या दिवशी मोठं मन म्हणणाऱ्या आजी उठल्या. हळूहळू टेबलाला धरत पुढं आल्या.

"माझीही तुमच्याकडचीच आहे," त्या म्हणाल्या. "खालची. डावीकडं टोचते. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, सवय होईल."

त्यांनी कवळी काढली आणि ताईसमोर ठेवली. मागून एक आजोबा आले. मग दुसरे. पाहता पाहता रांग लागली. कुणाची वाजायची. कुणाची जेवताना सरकायची. एकाची अगदी बरोबर होती, पण आता त्याला शंका यायला लागली होती.

भोंगाकाका उठून रांगेच्या कडेला उभे राहिले. एक जण मध्ये घुसत होता, त्याला हातानं मागं ढकललं.

ताई बसली. पिशवीतून कानस काढली, पण आधी प्रत्येक कवळी उजेडात धरून कडेवरून बोट फिरवलं. पहिल्या आजींची डावीकडं खरंच टोचणारी होती. दुसऱ्यांची ठीक होती. ताईनं तसं सांगितलं.

"नक्की?" आजोबा म्हणाले.

"नक्की."

"नाही, म्हणजे परत एकदा बघता का?"

ती परत बघू लागली. या वेळी जास्त सावकाश. रांग थांबली होती. मागून कुणीतरी म्हणालं, घाई करू नका हो, बघू द्या तिला.